पेन्शनरांच्या सत्कारामागची गोष्ट

17 डिसेंबरला पेन्शनरांचा मेळावा असला, की शाल, नारळ, टोपी ठरलेली. सत्कार पेन्शनसाठी झगडलेल्या एखाद्या पुढाऱ्याचा. ही तारीख डी. एस. नकारा यांच्यामुळे आली. ते संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले. अमुक तारखेआधी निवृत्त झालेल्यांना कमी पेन्शन, हा भेद त्यांनी कोर्टात नेला. 1982 साली याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

भुसावळला हे पटवून द्यावं लागत नाही. रेल्वेचं मोठं जंक्शन, शेजारी वरणगावसुद्धा धरून आयुध निर्माण्या. मे 1974 च्या वीस दिवसांच्या रेल्वे संपात देशभर हजारो जणांना नोकरीवरून काढलं, 1977 नंतर त्यांना परत घेतलं. 'सेवेत खंड' म्हणजे काय, हे त्या पिढीला विचारावं. खंड पडला, म्हणजे नोकरीची सलग वर्षं तुटली, की तो थेट पेन्शनीत उतरतो. तो मिटवून आणणाऱ्या युनियनच्या माणसाला शाल पांघरताना हात आपोआप वर जातात.

पण खानदेशात पेन्शनर दोन तऱ्हांचे आहेत: एक हे सरकारी नोकरीतले, आणि मला दुसऱ्यांबद्दल जास्त बोलायचंय. अमळनेर, धुळे, जळगावच्या गिरण्यांतले, एसटीतले, फैजपूर-शहाद्याकडच्या साखर कारखान्यांतले. यांची पेन्शन 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झालेल्या ईपीएस-95, म्हणजे पीएफ खात्याच्या कर्मचारी पेन्शन योजनेची. हिशोब सोपा आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. म्हणजे 6500 रुपयांवर 25 वर्षं राबलेल्याला, वीस किंवा जास्त वर्षांच्या नोकरीला वाढवून मिळणारी दोन वर्षं धरून, महिन्याला सुमारे 2507 रुपये. महागाई भत्ता नाही, त्यामुळे आकडा बसला तो बसला. 2013 मध्ये राज्यसभेच्या कोश्यारी समितीने महिन्याला किमान 3000 सुचवले. 2014 पासून मिळाले 1000. "हजार रुपयामा काय व्हस रे भो?" याला उत्तर नाही.

म्हणून लढ्याचं केंद्र सरकलं ते खानदेशाला लागून असलेल्या बुलढाण्याकडे. कमांडर अशोक राऊत यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीची मागणी 7500 रुपये, वर महागाई भत्ता, आणि नवरा-बायकोला मोफत उपचार.

या शेवटच्या मागणीकडे फारसं कुणी बघत नाही, खरी मेख तिथेच आहे. रेल्वेवाल्याला निवृत्तीनंतरही रेल्वेचा दवाखाना. गिरणीवाल्याला निदान ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा: पाच वर्षं विमा भरलेला असेल आणि वयोमानाने निवृत्त झाला असेल, तर वर्षाला 120 रुपये भरून दोघांचे उपचार चालू राहतात. साखर कारखाना मात्र कायद्याच्या लेखी हंगामी, म्हणून ईएसआयच्या बाहेर. बॉयलरसमोर तीस गाळप हंगाम काढलेल्याला कामावर असतानाच ते कार्ड नव्हतं, निवृत्तीनंतर कुठून येणार? तरी मेळाव्याची वर्गणी मागायला गेलात, तर खिशात पहिला हात तोच घालतो.