बाराव्या वर्षाची भूक

जन्मतः साधारण 50 सेंटिमीटर लांबीचं बाळ वर्षभरात आणखी 25 सेंटिमीटर वाढतं आणि त्याचं वजन तिप्पट होतं. पुढे माणूस या वेगाने पुन्हा कधीच वाढत नाही. दुसऱ्या वर्षी वाढ 10 ते 12 सेंटिमीटरवर येते, शाळकरी वयात वर्षाला 5-6 वर. मग मुलींची अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी उंची पुन्हा उसळी घेते, वर्षाला 8 ते 10 सेंटिमीटर. पहिल्या उसळीच्या वेळी सगळं घर बाळाच्या वाटीभोवती असतं. दुसरी येते तेव्हा मुलगी आपलं आपण वाढून घेऊ लागलेली असते, आणि तिच्या पानात काय पडलं हे कोणी बघत नाही. आपल्याकडे पोषणाची मोठी गळती इथेच होते, असं माझं ठाम मत आहे.

आधी बाळाचं पाहू. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध, दुसरं काही नको, पाणीसुद्धा नको. त्यानंतर नुसतं दूध पुरत नाही, कारण जन्मताना मिळालेला लोहाचा साठा तोवर संपत आलेला असतो. गोव्यात या वयात पेज सुरू होते. उकड्या तांदळाची पेज उत्तम. भात तुसासकट उकडताना कोंड्यातलं बी-1 जीवनसत्त्व दाण्यात मुरतं. पण बाळाच्या वाटीत पुष्कळदा पेजेचं वरचं पाणीच येतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं. ती जागा पाण्याने भरली तर पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. शितं कुस्करावीत, मुगाचं वरण आणि चमचाभर तूप किंवा खोबरेल घालावं, आणि चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी पेज घट्ट ठेवावी. नाचणीच्या तिजणाचंही (गोड लापशीचंही) असंच. नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम टरफलात असतं. फडक्यातून गाळून सत्त्व काढलं की ते चोथ्याबरोबर जातं. सुरुवातीला सत्त्व ठीक, पण बाळ जरा रुळलं की सबंध पिठाचं तिजण द्यावं.

वर्ष उलटलं की घरोघरी तक्रार सुरू होते, पोर जेवतच नाही. वाढीचा वेग निम्म्यावर आला की भूकही उतरते, त्यात आजार काही नाही. घोटाळा होतो तो जेवणाची भरपाई दुधाच्या बाटलीने केल्यामुळे. दुधात लोह नसल्यासारखंच, आणि दूध पिऊन पिऊन पोराची जेवणावरची वासनाच जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. साक्षर, तुलनेने सुखवस्तू राज्यातली ही गोष्ट आहे.

शाळेची पहिली वर्षं त्या मानाने शांत जातात. दहाव्या वर्षानंतर मात्र गणित एकदम बदलतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला दिवसाला 15 मिलिग्रॅम लोह लागतं. दहा ते बारा वयाच्या मुलग्याला 16, पण मुलीला 28. याचं कारण असं: शरीर वाढतं तसं रक्तही वाढवावं लागतं आणि त्यातच पाळी सुरू होते. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे 15 ते 20 मिलिग्रॅम लोह. दिवसाला अर्धा मिलिग्रॅम म्हटलं तर किरकोळ वाटेल. पण आपल्या भात-डाळीच्या जेवणातलं जेमतेम दहावा हिस्सा लोह अंगी लागतं, त्यामुळे ही तूट भरायला पानात पाच-सहा मिलिग्रॅम जास्त पडावं लागतं.

आणि सकाळी काय होतं? पोदेराची (पाववाल्याची) पोंपों वाजते, गरम उंडे (गोल पाव) येतात, आणि बारा वर्षांची मुलगी उभ्या उभ्या चहात पाव बुडवून बस गाठायला पळते. मैद्याच्या पावात लोह थोडं, आणि चहातले टॅनिन त्याचंही शोषण निम्म्याहून खाली आणू शकतात. चहा बंद करायचा नसेल तर निदान खाण्यानंतर तासाभराने द्यावा.

उलट कुळथाची पिठी, उकडा भात आणि भाजलेला सुका बांगडा हे जेवण शास्त्राच्या कसोटीवर फार चांगलं उतरतं. मासळीतलं लोह सहज शोषलं जातंच, शिवाय मासळी सोबत असली की कुळथातलं आणि भातातलं लोहही जास्त शोषलं जातं. तिसऱ्या आणि खुबे हे शिंपले तर लोहाने समृद्ध. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पुढे श्रावण पाळणाऱ्या घरांत मासळी नसते. त्या दिवसांत मुगागाठी (मोडाच्या मुगाची आमटी) कराव्यात. मोड आल्यावर लोहाला अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि सी जीवनसत्त्व तयार होतं. तांबड्या भाजीवर किंवा अळसांद्यांवर (चवळीवर) लिंबू पिळावं, नाहीतर जेवणानंतर पेरू खावा.

हाडांचं वेळापत्रक आणखी वेगळं. उंचीच्या उसळीच्या आसपासच्या दोनेक वर्षांत प्रौढ हाडांतल्या खनिजांचा सुमारे चौथा भाग साठतो. हाडं आधी लांब होतात, खनिजं काही महिने मागून भरतात. म्हणून या वयात पडल्यावर मनगट मोडण्याचं प्रमाण जास्त. दहा ते बारा वयात दिवसाला 850 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, तेरा ते पंधरात 1000. दूध-दही, नाचणीची भाकरी, काट्यासकट खाल्लेली बारीक तारली यांतून ते मिळतं. नेमक्या याच वयात मुली जाड होण्याच्या भीतीने जेवण तोडतात. मुलग्याला दुसऱ्यांदा वाढताना घराला कौतुक वाटतं. तेवढ्याच कौतुकाने मुलीलाही वाढायला हवं.

शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी पुष्कळ मुली गुपचूप टाकून देतात. तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यावी. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे आईने आधीच सांगून ठेवावं. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास मिळणारी जंताची गोळीही चुकवू नये. कुळागरात (पोफळीच्या बागेत), शेतात अनवाणी हिंडणाऱ्या मुलांच्या तळपायांतून शिरलेले अंकुशकृमी आतड्यात बसून रक्त पितात.