गोळीतल्या ‘निष्क्रिय’ घटकांची पार्श्वभूमी

गुळाचा पक्का पाक करून त्यात चूर्ण मळायचे आणि गुटिका वळायच्या, ही रीत गुळाच्या कोल्हापुरात कोणाला नव्याने सांगायला नको. गूळ चूर्ण बांधून धरतो, कडूपणा झाकतो आणि मात्रा हाताला येईल एवढी करतो. महाद्वार रोडवरच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळीत चूर्ण बांधण्याचे आणि मात्रा वाढवण्याचे हेच काम लॅक्टोज, स्टार्च आणि सेल्युलोज करतात; औषधी गुण नसलेल्या अशा घटकांना ‘निष्क्रिय’ म्हणतात. आठवड्यातून एकदा दिली जाणारी ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा वजनाने जेमतेम दीड मिलिग्रॅम भरते; भर घातल्याशिवाय ती चिमटीतही धरता येणार नाही.

इंग्लंडमध्ये विल्यम ब्रॉकडन यांनी १८४३ साली भुकटी दाबून गोळी करण्याचे पेटंट घेतले, आणि यंत्र आले तशा त्याच्या गरजाही आल्या. साच्याला भुकटी चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट आणि दमट हवेत तिचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून सिलिकॉन डायऑक्साइड वापरात आले. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला प्रथिनांचा डबा ज्या तालमीत पाहिला असेल, तिथे या दुसऱ्या घटकाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

‘निष्क्रिय’ हा शब्द मात्र फसवा आहे, असे मला ठामपणे वाटते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलमाइड या जंतुसंसर्गावरच्या औषधाच्या पातळ रूपाने शंभरावर माणसे दगावली. दोष मूळ औषधाचा नव्हता, ते ज्यात विरघळवले होते त्या डायइथिलीन ग्लायकॉलचा होता. त्यातून तिथे औषधांच्या सुरक्षिततेचा १९३८ चा कायदा झाला. तरीही १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, त्याच विषाची भेसळ असलेले ग्लिसरिन दिल्याने १४ रुग्ण मरण पावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला.

ही उदाहरणे औषधांची आहेत. पूरक आहार आपल्याकडे अन्नात गणला जातो. त्याचे नियम २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली २०१६ मध्ये आले. सेल्युलोज आणि स्टिअरेट गोळीत असतात तेवढ्या प्रमाणात सुरक्षित मानले जातात, पण दुधातील साखर न पचणाऱ्याला लॅक्टोजचा त्रास होऊ शकतो आणि शाकाहारी माणसाला जिलेटिनचे कवच चालत नाही. पांढरेपणासाठी वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांतून वगळले. डब्यावरच्या बारीक अक्षरांत ४६०, ४७० किंवा ५५१ असे आकडे दिसले, तर ते अनुक्रमे सेल्युलोज, स्टिअरेट आणि सिलिकॉन डायऑक्साइड यांचे असतात; टायटॅनियमचा आकडा १७१.