आधी नोकरी, मग बाकीचं

१९३२ साली ओर्नुल्व ओडेगोर या नॉर्वेच्या मनोविकारतज्ज्ञाने एक विचित्र आकडा मांडला. अमेरिकेत मिनेसोटात जाऊन स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि बिनबुडाचा संशय पाठीशी लागणाऱ्या मनोविकाराचं, प्रमाण मायदेशी राहिलेल्यांच्या साधारण दुप्पट होतं. त्याने लावलेला अर्थ असा, की मुळातच या आजाराकडे कल असलेली माणसं घरदार सोडून लांब जातात. म्हणजे आजार माणसाबरोबर बोटीत बसूनच गेला.

हा तर्क कितीतरी वर्षं टिकला. मग नेदरलँड्समध्ये जाँ-पॉल सेल्टेन आणि सहकाऱ्यांनी त्याची एका झकास युक्तीने परीक्षा घेतली. दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत सुरीनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झाली, त्या सुमारास तिथली जवळजवळ एक तृतीयांश प्रजा नेदरलँड्सला गेली होती. सेल्टेन यांनी विचारलं, समजा सगळाच्या सगळा सुरीनाम तिकडे गेला असता तर? मग 'निवडून गेलेले' हा मुद्दाच उरत नाही. त्यांनी रुग्णसंख्या नेदरलँड्सच्या सुरीनामींचीच ठेवली आणि तिला भागलं दोन्हीकडच्या मिळून लोकसंख्येने. तरीही धोका डच लोकांपेक्षा जास्तच निघाला. बोटीचा सिद्धान्त बुडाला.

पुढची तर आणखी पंचाईत. २००५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा स्थलांतरितांत धोका २.७ पट दिसला आणि त्यांच्या मुलांत ४.५ पट. ज्यांनी प्रवास केलाच नाही, त्यांना जास्त! लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टल इथे कॅरिबियन वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे नऊ पट आढळलं. खुद्द कॅरिबियन बेटांवर मात्र तसं काही नाही. शिवाय हेग शहरात, ज्या वस्तीत आपल्यासारखे लोक थोडे, तिथे स्थलांतरितांना धोका अधिक होता. चार आपली माणसं आसपास असण्याचं मोल इथे मोजून दाखवलेलं आहे.

सतत बाहेरचा ठरण्याचा, डावललं जाण्याचा ताण मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या यंत्रणेला चढवून ठेवतो, असा अंदाज आहे. डोपामिन एखाद्या गोष्टीवर 'हे महत्त्वाचं' असा शिक्का मारतं. शिक्के वाटेल तिथे पडू लागले, की बसमधल्या अनोळखी माणसाच्या हसण्यातही कट दिसतो. अंदाजच हा, पण मला पटणारा.

आता आजारातून कामावर परतण्याची वाट. भास आणि संशय गोळ्यांनी बऱ्याचदा आटोक्यात येतात. कामावर खरी अडचण करतात त्या न दिसणाऱ्या गोष्टी: लक्ष टिकत नाही, सांगितलेलं पटकन डोक्यात शिरत नाही, गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत उतरत नाही. घरच्यांचा सल्ला ठरलेला, "आधी पूर्ण बरा हो, मग बघू." जुनी पुनर्वसन केंद्रंही तेच करत. आधी मेणबत्त्या, पाकिटं बनवायची, मग कधीतरी नोकरी. ते 'कधीतरी' फारसं उगवायचं नाही.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात हा क्रमच उलटा केला. ज्याला काम हवंय, त्याला लगेच खऱ्या पगाराची नोकरी शोधून द्यायची आणि नंतर लागेल तेवढे दिवस पाठीशी उभं राहायचं. लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगेन, सोफिया या सहा ठिकाणी ३१२ रुग्णांवर हे तपासलं; निष्कर्ष २००७ मध्ये आले. या पद्धतीत ५५ टक्के लोकांनी निदान एक दिवस तरी नोकरी केली, नेहमीच्या प्रशिक्षणात २८ टक्के. नोकरीच्या ताणाने आजार उलटेल ही भीतीही फोल ठरली. पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण उलट कमीच राहिलं.

परदेशातल्या माणसाला मात्र ही वाट फार अरुंद असते. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या आपल्या पोराची नोकरी गेली, तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या, पहिल्या झटक्यातून सावरायला महिने लागतात. मग 'तब्येत बरी नव्हती' म्हणत तो पुण्याला परततो आणि बायोडेटातल्या त्या गॅपचं काय सांगायचं, यावर घरात बैठका झडतात.

इकडे काय आहे? सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथे २८२ रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला. डॉक्टरांच्या उपचारांसोबत गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते घरी जात, औषधं, कामधंदा, सरकारी योजना यांचं बघत. फायदा माफक, पण खरा. कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे आणि सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कुणाला काढता किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. खाजगी कंपनीत बरंचसं साहेबाच्या समजूतदारपणावर. तिथे मागणी करताना 'मला समजून घ्या' यापेक्षा नेमकं मागितलेलं बरं: शिफ्ट सातऐवजी दहाची, सूचना तोंडी न देता लिहून, आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जायला अर्धा दिवस.