कापलेल्या पायाखाली उशी नको

“पाय कापलाय, आता त्या हाडाला आराम द्या. खाली मऊ उशी ठेवा.” भेटायला येणारा जो तो मायेने हेच सांगतो. माया खरी, सल्ला चुकीचा.

भार पडतो त्याप्रमाणे हाड स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. भार थांबला की त्या बाजूचं मांडीचं हाड विरळ होत जातं. मग साध्या पडण्यानेही खुब्याजवळ मोडू शकतं. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हे भरून निघत नाही.

उशीचं तर आणखी वाईट. गुडघा किंवा खुबा वाकलेलाच आखडतो आणि पुढे जयपूर फूट बसवला तरी सरळ उभं राहता येत नाही. म्हणून तर फिजिओथेरपिस्ट रोज दोन-तीनदा १५-२० मिनिटं पालथं झोपायला लावतात. जीव कंटाळतो, पण हे चुकवू नका.

जखम भरून डॉक्टरांनी होकार दिला की कृत्रिम पाय लावून समांतर दांड्यांमध्ये उभं राहायचं, भार हळूहळू वाढवायचा. कृत्रिम पाय काढून ठेवल्यावर कातडीवरची लाली १० मिनिटांत गेली नाही, तर सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा खोलगट भाग, तपासून घ्या. ते नीट करता येतं. त्यासाठी चालणं सोडून देऊ नका.