गर्भाशयोच्छेदनोत्तर दीर्घकालीन वेदना

गर्भाशयोच्छेदनोत्तर दीर्घकालीन वेदना : गर्भाशय काढल्यानंतर जखम भरून आली तरी न थांबणारी ओटीपोटातील किंवा टाक्यांच्या जागेवरील वेदना.

वेदनेला ‘दीर्घकालीन’ कधीपासून म्हणावे, यावर मतभेद आहेत. वेदनांचे अभ्यासक मॅक्रे आणि डेव्हिस यांनी १९९९ मध्ये दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आणि पूर्वीच्या विकाराचेच दुखणे पुढे चालू असेल तर ते वगळावे, अशी अट घातली. स्त्रीरोगांत ही अट अडचणीची ठरते. गर्भाशय पुष्कळदा दुखते म्हणूनच काढलेले असते. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने (२०२२ पासून लागू) तीन महिन्यांची मर्यादा धरली असून शस्त्रक्रियेनंतर बळावलेले जुने दुखणेही त्यात घेतले आहे. ही व्याख्या अधिक सयुक्तिक वाटते.

डेन्मार्कमधील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एका वर्षानंतरही सुमारे ३२ टक्के स्त्रियांना दुखत होते. आठवड्यातून दोनाहून अधिक दिवस दुखणाऱ्या सुमारे १४ टक्के होत्या. आधीचे ओटीपोटाचे दुखणे, पूर्वीचे सिझेरियन आणि शरीरात अन्यत्र असलेले दुखणे यांच्याशी संबंध आढळला.

उगमाचा प्रश्न खरा गुंतागुंतीचा आहे. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ प्फानेनश्टील यांनी १९०० मध्ये वर्णिलेला, जघनास्थीच्या (ओटीपोटाच्या खालच्या टोकाच्या हाडाच्या) किंचित वरचा आडवा छेद आजही रूढ आहे. पहिल्या कटितंत्रिकेपासून (कमरेच्या मणक्यांतून निघणाऱ्या नसेपासून) निघालेल्या दोन शाखा या छेदाच्या टोकांजवळून जातात. त्या कापल्या जातात, टाक्यात अडकतात किंवा व्रणात आवळल्या जातात. मग टाक्याच्या एका कोपऱ्यात जळजळ होते, वाकताना किंवा खोकताना जांघेकडे चमक जाते; काहींना परकराचे कापड घासलेलेही सोसत नाही, आणि त्याच्याच शेजारची कातडी मात्र बधिर असते. शल्यचिकित्सक कार्नेट यांनी १९२६ मध्ये सांगितलेली खूण येथे मोलाची आहे. रुग्ण उताणी झोपते, डॉक्टर दुखऱ्या बिंदूवर बोट ठेवतात आणि तिला डोके व खांदे उचलायला सांगतात. पोट ताठ झाल्यावर दुखणे वाढले, तर त्याचा उगम बहुधा पोटाच्या भिंतीत असतो. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून ‘मनाचे खेळ’ ठरवण्याआधी हे एक बोट ठेवून पाहिलेच पाहिजे. त्याच जागी भूल दिल्यावर आराम पडणे, ही निदानाला पुष्टी.

आतड्यांच्या चिकटण्यालाही दोष दिला जातो. नेदरलँड्समध्ये शंभर रुग्णांवर झालेल्या २००३ च्या चाचणीत मात्र दुर्बिणीने चिकटे सोडवल्याचा केवळ दुर्बिणीतून तपासण्यापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. मागे राहिलेले अंडाशय, मूत्राशय, श्रोणितलाचे (ओटीपोटाच्या तळाचे) आवळलेले स्नायू हीही कारणे असतात.

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, रक्तस्राव किंवा एका पायाला सूज आल्यास तातडीने तपासणी करावी.

महाराष्ट्रात ‘पिशवी काढणे’ हा विषय बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमुळे ऐरणीवर आला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकडेवारीत ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. टाके भरले न भरले तोच उसाची मोळी डोक्यावर घेतली, की सारा ताण पोटाच्या याच भिंतीवर येतो.