फोमचं लढाऊ विमान उडवण्याआधी: वजन, नोंदणी आणि कागदपत्रं

रिमोटवर उडणाऱ्या थर्माकोलच्या विमानाला कसली आलीय नोंदणी, असं बहुतेकांना वाटतं. स्पिटफायर या जुन्या लढाऊ विमानाची सव्वा मीटर पंखांची नक्कल, आत एक मोटर, चार सर्व्हो (पंख-शेपटीचे पल्ले हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि एक बॅटरी. हातात धरलं तर लिटरभर पाण्याच्या बाटलीपेक्षा फार जड लागत नाही. पण विमान कशाचं बनलंय हे कायदा विचारतच नाही. केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी आले. पायलट आत न बसता जे दुरून चालवलं जातं किंवा आपलं आपण उडतं, ते सगळं त्यांच्या दृष्टीनं ‘मानवरहित विमान’. लग्नात व्हिडिओ काढणारं चार पंख्यांचं ड्रोन त्यात येतं, तसंच दोन पंखांचं मस्टँगही येतं. नियमांत एअरप्लेन, रोटरक्राफ्ट (फिरत्या पात्यांवर उडणारं) आणि हायब्रिड (दोन्हींचं मिश्रण) असे प्रकारच पाडलेत. आपलं फोमचं विमान पहिल्या प्रकारात.

यात आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी एक सोयीचा कप्पा आहे: ‘मॉडेल रिमोटली पायलटेड एअरक्राफ्ट सिस्टीम’. वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा निव्वळ करमणुकीसाठी, आणि विमान सतत उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात. या तिन्ही अटी पाळल्या की ‘टाइप सर्टिफिकेट’ लागत नाही. ही सूट फार मोठी आहे. टाइप सर्टिफिकेट म्हणजे त्या मॉडेलची तांत्रिक तपासणी होऊन मिळालेलं प्रमाणपत्र. घरच्या टेबलावर फोम कापून बनवलेल्या मिग-२१ साठी ते मिळवत बसणं कुणालाही परवडणारं नाही.

तिन्ही अटी एकत्र पाळायच्या आहेत, हे मात्र सोयीस्कररीत्या विसरलं जातं. व्हिडिओ गॉगल लावून विमानातल्या कॅमेऱ्याच्या चित्रावर विमान दोन किलोमीटर पलीकडे नेलं, की ‘नजरेच्या टप्प्यात’ ही अट गेली. पुसेगावच्या यात्रेत कुणी मानधन देऊन प्रात्यक्षिक ठेवलं, की ‘करमणूक’ ही अट गेली. मग विमान तेच, मैदान तेच, पण कागद वेगळे.

काटा आधी, रंग नंतर

नियमांतले वजनाचे वर्ग असे: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. त्यावरचे मीडियम आणि लार्ज आपल्या कामाचे नाहीत. मोजायचं ते उडायला तयार विमानाचं वजन, म्हणजे बॅटरी, प्रोपेलर, चाकं, कॉकपिटमधला प्लॅस्टिकचा पायलट, सगळं धरून. खोक्यावर छापलेलं वजन कित्येकदा बॅटरीशिवायचं असतं.

खरी गंमत सजावटीत आहे. हौशी माणूस विमान आणलं तसं उडवत नाही. कंपनीनं दिलेले ब्रिटिश किंवा अमेरिकन स्टिकर काढून भारतीय हवाई दलाची भगवी-पांढरी-हिरवी वर्तुळं लावतो. आपल्याकडे तर हे व्हायचंच. अपशिंगे मिलिटरी हे फौजींचं गाव ज्या सातारा जिल्ह्यात आहे आणि देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली ज्या सातारा शहरात सुरू झालं, तिथला पोरगा अमेरिकन खुणांचं विमान किती दिवस उडवणार? दुसऱ्या महायुद्धात आपल्या हवाई दलाकडे हरिकेन आणि स्पिटफायर दोन्ही होती, आणि स्वातंत्र्यानंतरही स्पिटफायर राहिली, त्यामुळे स्पिटफायरवर भारतीय खुणा इतिहासालाही धरून आहेत. मग येतात पॅनेलच्या रेषा, मॅट कोट, आत दुमडणारी चाकं, पंखाखालच्या टाक्या आणि ‘जरा जास्त वेळ उडावं’ म्हणून मोठी बॅटरी. दीड मीटरच्या आसपास पंख असलेलं आणि खोक्यातून १८०० ग्रॅमचं निघालेलं विमान अशी सजावट झाल्यावर दोन किलो सहज ओलांडतं. काटा २००० च्या पुढे गेला, की विमान मायक्रोतून स्मॉलमध्ये जातं.

हा फरक नुसता नावाचा नाही. नॅनो विमान आणि बिगरव्यावसायिक वापराचं मायक्रो विमान उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. स्मॉलला लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, किमान दहावी पास, आणि डीजीसीएनं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं) मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतून रीतसर शिक्षण. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं, पण ज्या वर्गाचं आणि प्रकाराचं घेतलंय त्याच्यापुरतंच. बहुतेक संस्था रोटरक्राफ्टवर शिकवतात. एअरप्लेनचं शिकवता का, हे फी भरायच्या आधी विचारा. शंभर ग्रॅम रंगापायी हे सगळं मागे लावून घेण्यापेक्षा मोटरपंपाच्या दुकानातून आणून तोलासाठी नाकात बसवलेले पितळी वॉशर काढा आणि बॅटरी पुढे सरकवून तोल साधा.

रंगाबद्दल दोन शब्द, कारण इथे वजन आणि फोम दोन्ही वाचतात. साधा स्प्रे थर्माकोलवर मारला तर त्यातला थिनर दाणे खातो आणि पंख चाळणीसारखा होतो. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्या आणि एकच पातळ हात द्या. झटपट चिकटणारा साधा गोंदही थर्माकोल वितळवतो. फोमसाठीचा वेगळा मिळतो. पोटाला काळे-पांढरे पट्टे मारा. जून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर हेच पट्टे होते, म्हणजे नक्कल बिघडत नाही. शिवाय संध्याकाळच्या राखाडी आभाळात पोट कुठलं आणि पाठ कुठली हे खालून कळतं. आभाळात मिसळून जाणारा कॅमोफ्लाज खऱ्या लढाईत उपयोगी; नजरेच्या टप्प्यात ठेवायच्या विमानाला तो शत्रूच.

आवाज-धुराच्या हौसेनं पंखाखाली फटाक्याची दारू बांधणारेही भेटतात. धोकादायक माल वाहून नेण्याचे नियम वेगळे आहेत आणि पोलीस तिथे ‘खेळणं होतं’ हे ऐकणार नाहीत.

अर्ज कुठे, कागद कोणते

नोंदणी म्हणजे विमानाला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, थोडक्यात यूआयएन, मिळवणं. नियमांत ‘डिजिटल स्काय’ या व्यासपीठाचं नाव आहे. अर्ज आता डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरून होतात, आणि हवाई क्षेत्राचा नकाशा डिजिटल स्कायवर पाहायचा. आधी स्वतःचं खातं उघडायचं, मग फॉर्म डी-२ भरायचा. शुल्क १०० रुपये. एजंट लागत नाही. सेतू केंद्रात किंवा ओळखीच्या सायबर कॅफेत जाऊन भरलात तरी मोबाइल आणि ईमेल तुमचेच द्या, नाहीतर पुढचे सगळे संदेश भलत्याच माणसाला जातील.

पूर्वी या अर्जात पासपोर्टचा क्रमांक मागत. आटपाडीच्या मुलाला विमान उडवायला पासपोर्ट कशाला, हा प्रश्न रास्त होता. २०२३ च्या दुरुस्तीनं पायलट प्रमाणपत्रासाठी आणि २०२४ च्या दुरुस्तीनं नोंदणीसाठीही ती अट गेली. आता मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवाना असा सरकारी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा चालतो. विमान शाळकरी मुलाचं असेल तर नोंदणी आईवडिलांच्या नावानं करणं शहाणपणाचं, कारण उद्या कुणाच्या गाडीची काच फुटली तर जबाब त्यांनाच द्यायचा आहे.

सगळ्यांत जास्त खोळंबा अनुक्रमांकांपाशी होतो. यूआयएन तीन क्रमांकांना जोडलेला असतो: विमानाचा, आतल्या फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलचा आणि हातातल्या रिमोटचा. फोमच्या विमानात हे मॉड्यूल म्हणजे बहुधा रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा) आणि जायरो (विमान स्थिर ठेवणारा) यांची एकच डबी, आणि ती पोटात खोल चिकटवलेली असते. झाकण चिकटवण्याआधी स्टिकरचा फोटो काढून ठेवा. स्वतः कापून बनवलेल्या विमानाचे उत्पादक तुम्हीच, तेव्हा त्याला एक क्रमांक ठरवून पोटावर कायमचा लिहा आणि वहीत नोंदवा. पुढे जायरो किंवा रिमोट बदललात, तर नवा क्रमांक सात दिवसांच्या आत पोर्टलवर चढवायचा आहे. मोटर, सर्व्हो, पंख बदलण्याला ही अट नाही. म्हणजे रंगरूप हवं तितकं बदला. ‘मेंदू’ बदलला तर कळवा.

अर्जाआधी खरेदीची जीएसटी पावती, विमानाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो आणि काट्यावर ठेवलेल्या विमानाचा फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. काट्याचा फोटो कुणी मागेलच असं नाही, पण मैदानावर वाद झाला तर तोच कामाला येतो.

विम्याकडे बहुतेक जण काणाडोळा करतात. त्रयस्थाच्या नुकसानीसाठी मोटार वाहन कायद्यातल्या विम्याच्या तरतुदी इथेही लागू केल्या आहेत आणि सूट फक्त नॅनोला आहे. दीड किलोचं विमान ताशी साठ-सत्तर किलोमीटरनं येतं तेव्हा त्याचं फोम असणं कुणाच्या डोळ्याला समजत नाही. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी अशा मान्यताप्राप्त संस्थांतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी वाट आहे. संशोधन आणि विकासासाठी संस्थेनं ग्रीन झोनमधल्या आपल्या आवारात उडवलं, तर नोंदणी आणि पायलट प्रमाणपत्र दोन्हींतून सूट आहे. विद्यार्थ्यानं तेच विमान सुट्टीत गावच्या माळावर नेलं की सूट संपली.

उडवायचं कुठे

नकाशावर तीन रंग आहेत. ग्रीन झोनमध्ये जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. ८ किलोमीटरच्या आत यलो झोन, म्हणजे जमिनीपासूनच हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही नाही. कराडकरांनी वारुंजीजवळच्या विमानतळाचं अंतर विसरू नये. तिथे प्रशिक्षणाची विमानं उडतात, आणि माणूस बसलेल्या विमानाला वाट देणं ही आपली जबाबदारी. कोयनेच्या बाजूला जाणार असाल तर आदल्या रात्रीच नव्हे, निघतानाही नकाशा पाहा. रंग बदलतात. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी काही काळापुरता रेड झोन जाहीर करू शकतो, शिवाय जिल्ह्यात जमावबंदीसारखे आदेश निघतात तेव्हा त्यांत ड्रोनचाही उल्लेख असतो.

नकाशा हिरवा आहे म्हणून जमीन आपली होत नाही. कास, कोयना, चांदोली, सागरेश्वर इथे वनखात्याचं राज्य आहे. वनकुसवडे, चाळकेवाडीचं पठार मोकळं दिसतं, पण पवनचक्क्यांमागची हवा इतकी घुसळलेली असते की हलकं विमान पानासारखं फिरतं. सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी पाहून मन पळतं हे खरं. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारल्याशिवाय तिथे पाय ठेवू नका. सोयीचा आहे तो माण-खटाव, जत, कवठे महांकाळकडचा मुरमाड माळ, ज्वारी निघाल्यानंतरचा. मालकाला सांगायचं, गायरान असेल तर ग्रामपंचायतीला, आणि पोलीस पाटलांना एक फोन. नियमांत हा फोन नाही. पण २०२४ च्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोनच्या अफवांनी राज्यातली कितीतरी गावं जागी राहिली होती. त्यानंतर आभाळात घरघरणाऱ्या कुठल्याही वस्तूकडे गावकरी सहज म्हणून पाहत नाहीत.

परदेशातून मागवताना

९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे; पूर्ण जोडलेलं, अर्धं सुटं आणि पूर्ण सुटं, तिन्ही रूपांत. सुट्या भागांना बंदी नाही. त्यामुळे मोटर, सर्व्हो, स्पीड कंट्रोलर येतात, पण रिमोटसकट खोकं मागवलं तर कस्टम्समध्ये अडकू शकतं, आणि लिथियम बॅटरी हवाई कुरियरमध्ये वेगळीच डोकेदुखी. भारतातल्या विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेलं थोडं महाग पडतं, तरी मी तेच सुचवेन. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. हा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या आत विनापरवाना आहे. लांब पल्ल्यासाठी ९१५ मेगाहर्ट्झचे संच स्वस्तात दाखवतात, ते इथल्या मोकळ्या पट्ट्यात बसत नाहीत. आपल्याकडे मोकळा आहे तो ८६५ च्या आसपासचा.

विकलं किंवा तुटलं तर

ग्रुपवर जुनं विमान विकताना नुसते पैसे आणि विमान यांची अदलाबदल करून मोकळं होऊ नका. फॉर्म डी-३ भरून नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करायची, शुल्क पुन्हा १०० रुपये. विमान हरवलं किंवा दुरुस्तीपलीकडे गेलं तरी याच फॉर्मनं नोंदणी रद्द होते. अपघातात कुणाला इजा झाली तर ४८ तासांच्या आत पोर्टलवर कळवायचं आहे. तेव्हा तुकडे गोळा करण्याआधी जागेचे फोटो काढा आणि रिसीव्हरची डबी जपून ठेवा, त्यावरचा क्रमांक तिथेही लागेल.