स्टीफन फॉस्टर लोकसंस्कृती केंद्र राज्य उद्यान

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या उत्तर भागातले स्मारक-उद्यान. हॅमिल्टन काउंटीत व्हाइट स्प्रिंग्ज या गावी, सुवानी नदीच्या काठावर ते वसले आहे. गीतकार-संगीतकार स्टीफन कॉलिन्स फॉस्टर (४ जुलै १८२६ – १३ जानेवारी १८६४) याच्या स्मरणार्थ ते १९५० मध्ये खुले झाले. फॉस्टर पेनसिल्व्हेनियाचा, सुवानी नदी त्याने कधी पाहिलीही नव्हती.

स्मारक तरीही इथेच झाले, ते ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ (१८५१) या गीतामुळे. कच्च्या मसुद्यात नदीचे नाव पी डी होते. ते पसंत पडेना, म्हणून नकाशातून सुवानी निवडली गेली आणि चालीत बसावी म्हणून तिची ‘स्वानी’ झाली. १९३५ मध्ये फ्लोरिडाने हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले. स्मारकाची कल्पना मात्र त्याआधीची, १९३१ मधली. ती मांडणारे औषध उद्योजक जोसाया लिली हे फॉस्टरच्या हस्तलिखितांचे मोठे संग्राहक होते.

फॉस्टरची गाणी लोकगीते म्हणून गायली जातात, पण काटेकोर अर्थाने ती लोकगीते नव्हेत. ती छापील स्वरलिपीच्या रूपाने विकली गेली. त्यांतली बरीचशी, हे गीतही, तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळांसाठी रचलेली होती. राज्यगीताचे अधिकृत शब्द २००८ मध्ये बदलले गेले, ते त्यातल्या आक्षेपार्ह बोलीमुळे. पहिल्या छापील प्रतीवर कर्ता म्हणून नाव होते खेळाचा मालक ई. पी. क्रिस्टी याचे. फॉस्टर वारला तेव्हा त्याच्या पाकिटात ३८ सेंट होते.

संग्रहालयात त्याच्या गीतांवरचे त्रिमित देखावे व जुने पियानो आहेत. उद्यानाची खूण म्हणजे २०० फूट उंचीचा घंटामनोरा. त्यात १९५८ मध्ये शिकागोच्या डीगन कंपनीने ९७ नळीघंटा (धातूच्या पोकळ नळ्यांच्या घंटा) बसवल्या. नळीघंटेत सूर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. सप्तक वर जायचे तर नळी निम्मी करावी लागत नाही, सुमारे ७० टक्के लांबी पुरते. नळी एकाच वेळी अनेक प्रकारे कंपते, पण आपल्याला ऐकू येणारा मुख्य सूर त्यांतल्या कोणत्याही एका कंपनात नसतो. चौथ्या, पाचव्या व सहाव्या कंपनांच्या वारंवारता साधारण २:३:४ या प्रमाणात असतात आणि त्यावरून कान तो सूर जुळवतो. प्रमाण अचूक नसल्याने एकाच वेळी अनेक नळ्या वाजल्या की स्वरमेळ धूसर होतो. साध्या, सुट्या चालीच इथे खुलतात.

कारागीर चौकात गोधडीकाम, लोहारकाम यांची प्रात्यक्षिके होतात. १९५३ पासून इथे फ्लोरिडा लोकोत्सव भरतो, बहुधा मे महिन्यात. त्यात फॉस्टरपेक्षा राज्यातल्या आजच्या गायक-वादकांना अधिक वाव मिळतो, आणि उद्यानाचे खरे महत्त्व आता त्यातच आहे. उत्सवाच्या दिवसांत उकाडा कडक असतो. दुपारचे कार्यक्रम ओकच्या सावलीत गाठावेत.

सुवानीचे पाणी काळ्या चहाच्या रंगाचे दिसते; नदी जिथे उगम पावते त्या ओकेफेनोकी दलदलीतल्या कुजणाऱ्या पानांतील टॅनिन त्यात उतरते. गावातला प्रसिद्ध गंधकयुक्त झरा भूजल पातळी खालावल्यामुळे जवळजवळ थांबला आहे. जुन्या स्नानगृहाच्या भिंती अजून उभ्या आहेत. नदीला पूर आला की उलटे नदीचेच पाणी झऱ्यात शिरते.